श्वासाच्या साक्षीने धावणे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



आरोग्य हा विषय धर्मसंस्थेच्या व्यासपीठावर आला की बहुधा आहार, उपवास आणि योगासने यांवर विवेचन होते. धावणे हा विषय तेथे सहसा येत नाही. परंतु काळ बदलला आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, मुंबईची २००४ मध्ये. त्यानंतर अनेक जिल्ह्यांच्या गावीही अशा शर्यती भरू लागल्या. ज्या घरांत पळणे म्हणजे मुलांचा खेळ किंवा स्टेशनवर गाडी गाठण्याची धडपड एवढाच अर्थ होता, त्या घरांतील चाळिशी-पन्नाशी उलटलेले गृहस्थ आणि गृहिणी आज भल्या सकाळी बूट बांधून रस्त्यावर दिसतात.

ही गोष्ट स्वागतार्हच आहे. व्यापारी समाजाचे आयुष्य गादीवर बसून जाते. दहा-बारा तास पेढीवर बैठक, दुपारचे जड जेवण, मनावर उधारीचा भार, आणि पन्नाशीच्या आत रक्तदाब व मधुमेह, हे चित्र घरोघरी परिचयाचे आहे. शरीराला हालचाल मिळाली तर ते कोणाला नको आहे?

तथापि या नव्या उत्साहात दोन गोष्टींची हानी होताना दिसते. पहिली हानी शरीराची. वीस वर्षे न हललेला देह एकाच महिन्यात दहा किलोमीटर पळवला जातो आणि गुडघा, टाच किंवा त्याहून नाजूक असे हृदय तक्रार करू लागते. दुसरी हानी मनाची. कानात गाणी, मनगटावर घड्याळ, दृष्टी पुढच्या माणसाच्या पाठीवर आणि चित्त कालच्या वसुलीवर. पाय मैदानात आणि मन पेढीवर, असे ते धावणे असते. या दोन्ही हानींवर एकच उपाय आहे आणि तो प्रत्येकाच्या नाकाशी आहे. तो म्हणजे श्वासाचे अवधान.

परंपरेचा पहिला आक्षेप

श्रावकाच्या मनात प्रथम जी शंका येते, ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. जैन आचारात धावण्याला स्थान आहे काय? पाच समितींपैकी पहिली ईर्यासमिती. जुवाएवढी, म्हणजे सुमारे चार हात, पुढची भूमी दृष्टीने शोधत, सूर्यप्रकाशात, वर्दळीच्या वाटेने, जीवजंतू टाळत चालावे, असा तिचा आशय आहे. दशवैकालिक सूत्राच्या पाचव्या अध्ययनात गोचरीला निघालेल्या साधूने घाईघाईने, धावपळ करीत जाऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे.

यामागील कारण साध्या हिशेबानेही उमगते. चार हात म्हणजे सुमारे सहा फूट. ताशी चार किलोमीटर वेगाने चालणारा माणूस हे अंतर दीड सेकंदाहून थोड्या अधिक वेळात ओलांडतो. ताशी आठ किलोमीटर वेगाने धावणारा तेच अंतर एक सेकंद पूर्ण होण्याआधी ओलांडतो. मुंगी दिसली, मनाने ओळखली आणि पाऊल वळवले, एवढ्याला तो वेळ पुरत नाही. म्हणजे धावण्याने दृष्टीची सत्ता पावलावरून जाते. साधूसाठी निषेध आहे तो याच कारणाने, आणि तो निषेध सैल करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

गृहस्थ महाव्रती नाही, अणुव्रती आहे. तो वाहनाने प्रवास करतो, व्यापार करतो, घर बांधतो. त्याचा धर्म मर्यादेचा आहे. म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो की, प्रकृतीसाठी धावणारच असेल, तर श्रावकाने कोणत्या मर्यादेत धावावे? उत्तर ईर्यासमितीतच आहे. पुरेसा उजेड झाल्यावर धावावे, अंधारात नव्हे. मळलेल्या, स्वच्छ, डांबरी किंवा मातीच्या धावपट्टीवर धावावे. दवाने ओल्या गवतावर, शेवाळावर धावू नये. चातुर्मासात साधु-साध्वी विहार थांबवतात, कारण पावसाळ्यात भूमी जीवांनी भरलेली असते. त्या चार महिन्यांत श्रावकानेही धावणे कमी करून कोरड्या, फरसबंद जागी चालण्यावर भर दिला तर आचाराशी ते अधिक सुसंगत होईल. आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा वेगाची. ज्या वेगात दृष्टी जमिनीवर आणि लक्ष श्वासावर राहते, तोच त्याचा वेग. त्यापलीकडचा वेग त्याचा नव्हे.

गती आणि श्वास यांची जुनी सांगड

श्वासाचे अवधान म्हणताच ती कोणा परक्या पद्धतीची उसनवारी आहे, असे काहींना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. गती आणि श्वास यांची सांगड नित्याच्या आवश्यक क्रियेतच आहे. इरियावहियं सूत्राचा विचार करावा. येताना-जाताना पायाखाली एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जे जीव दुखावले गेले असतील, त्यांच्याविषयीची ती आलोचना आहे. आणि तिच्यानंतर काय येते? कायोत्सर्ग. एका लोगस्सचा, म्हणजे पंचवीस उच्छ्वासांचा. चालून आलेल्या देहाला स्थिर करावे आणि पंचवीस श्वास पुरे होईपर्यंत त्याची ममता सोडून उभे राहावे, ही योजना ज्यांनी केली, त्यांनी गतीनंतर श्वासाकडे परतण्याचा मार्ग फार पूर्वीच आखून दिला आहे.

कायोत्सर्गाचे माप घटका-पळांत नाही, श्वासांत आहे. श्वेतांबर परंपरेत दैवसिक प्रतिक्रमणात १००, रात्रिकात ५०, पाक्षिकात ३००, चातुर्मासिकात ५०० आणि सांवत्सरिकात १००८ उच्छ्वासांचा कायोत्सर्ग सांगितला आहे. दिगंबर परंपरेत नऊ वेळा णमोकार मंत्र सत्तावीस श्वासोच्छ्वासांत म्हणण्याचा प्रघात आहे. दोन्हीकडे मोजपट्टी श्वासाचीच आहे.

याहून सूक्ष्म एक गोष्ट अन्नत्थ सूत्रात आहे. कायोत्सर्गात देह निश्चल ठेवायचा, परंतु कोणत्या हालचालींना सूट आहे याची त्यात यादी आहे. खोकला, शिंक, जांभई ही नावे नंतर येतात. सर्वांत आधी श्वास घेणे आणि श्वास सोडणे यांचा उल्लेख येतो. म्हणजे ज्या क्षणी देहाचा त्याग करून उभे राहायचे, त्या क्षणीही श्वासाला अडवायचे नाही. त्याला त्याच्या मार्गाने जाऊ द्यायचे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात रचलेल्या योगशास्त्राच्या पाचव्या प्रकाशात प्राणायामाचे सविस्तर वर्णन केले आहे. परंतु सहाव्या प्रकाशात ते म्हणतात की, श्वास बळाने रोखण्याने मनाला क्लेश होतो आणि मुक्तीच्या मार्गात त्याची आवश्यकता नाही. जाणावे, पण जबरदस्ती करू नये, हा या परंपरेचा श्वासाविषयीचा विवेक आहे. धावताना तोच उपयोगी पडतो.

काळाचे मापही पूर्वाचार्यांनी देहातून घेतले. सात प्राणांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव आणि सत्त्याहत्तर लवांचा एक मुहूर्त. गुणाकार केल्यास एका मुहूर्ताचे ३७७३ प्राण होतात. मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा, म्हणजे मिनिटाला सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर. आजच्या शरीरशास्त्रानुसार स्वस्थ बसलेल्या प्रौढाचे श्वास मिनिटाला १२ ते २० आणि नाडीचे ठोके ६० ते १०० असतात. हा आकडा नाडीशी जवळून जुळतो, हे कोणाच्याही लक्षात येईल. अभ्यासकांनी त्यावर विचार करावा. येथे एवढेच नोंदवावेसे वाटते की, काळ मोजण्यासाठी आधी स्वतःच्या देहाकडे पाहण्याची सवय या परंपरेला होती, आणि मनगटावरच्या घड्याळाने ती मोडली आहे.

देहाचा रोजमेळ

आता शरीरशास्त्राकडे वळू. शांत बसलेला माणूस प्रत्येक श्वासाबरोबर सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो. मिनिटाचा हिशेब सहा ते दहा लिटर. जोराने धावताना श्वासांची संख्या मिनिटाला चाळीस-पन्नासपर्यंत जाते, आणि सराव असलेल्या माणसाच्या फुप्फुसांतून मिनिटाला शंभर लिटरहूनही अधिक हवा ये-जा करते. धाप लागते ती रक्तातील प्राणवायू संपला म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. निरोगी माणसात तसे सहसा घडत नाही. स्नायूंत तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याची निकड हे धाप लागण्याचे एक मोठे कारण आहे. म्हणूनच धाप लागली की हावरेपणाने आत ओढण्यापेक्षा शांतपणे, पूर्ण सोडण्याकडे लक्ष दिले तर आराम वाटतो.

श्वास हा देहाचा रोजमेळ आहे. शक्तीची जमा किती आणि खर्च किती, हे त्यात तत्काळ उतरते. वेग हळूहळू वाढवत नेला तर काही काळ श्वास त्या प्रमाणात वाढतो. परंतु एक मर्यादा अशी येते की, वेग थोडाच वाढतो आणि श्वास मात्र एकदम उसळतो. वाक्य अर्धवट तुटते, खांदे वर चढतात, जबडा आवळला जातो. खर्च जमेच्या पुढे गेल्याची ती नोंद आहे. शत्रुंजयाची यात्रा केलेल्यांना याचा अनुभव आहे. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्यांच्या त्या वाटेवर पहिल्या शेकडो पायऱ्या जो झपाट्याने चढतो, तो पुढच्या विसाव्यावर बसलेला आढळतो. आणि काठी टेकीत, एका लयीत चढणारी आजीबाई त्याच्या पुढे निघून जाते. तिने श्वासाला धरून पावले टाकलेली असतात.

डेनिस ब्रॅम्बल आणि डेव्हिड कॅरियर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. घोड्यासारखा चतुष्पाद प्राणी चौखूर धावतो तेव्हा एका झेपेला एक श्वास, असे त्याचे प्रमाण बांधलेले असते, कारण धावण्याच्या क्रियेतच त्याची छाती दाबली जाते. माणूस दोन पायांवर उभा असल्यामुळे त्याला हे बंधन नाही. तो एका श्वासोच्छ्वासाला चार पावले टाकील, सहा टाकील, आठ टाकील. सरावलेल्या धावपटूंत चार पावलांना एक श्वासोच्छ्वास हे प्रमाण अधिक आढळते. तिर्यंच गतीतील जीवाला जी निवड नाही, ती मनुष्याला आहे. निवड आहे म्हणून विवेकाची जबाबदारीही आहे.

पाहणे आणि ढवळाढवळ करणे

श्वासाकडे लक्ष दिल्याने धावणे सुधारते काय, याचाही अभ्यास झाला आहे. विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक यांनी उत्तम दर्जाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंची तपासणी करून १९७७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सामान्य धावणारे त्रास विसरण्यासाठी मन दुसरीकडे नेतात. याउलट हे श्रेष्ठ धावपटू आपला श्वास, पाय आणि स्नायू यांच्याकडून येणाऱ्या सूचनांकडे सतत लक्ष ठेवतात, असे त्यांना आढळले.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जर्मनीतील लिंडा श्युकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की, धावपटूंना मुद्दाम श्वासावर लक्ष द्यायला सांगितले तर त्याच वेगासाठी त्यांना अधिक प्राणवायू खर्च करावा लागतो. याचा अर्थ काय? श्वास ही आपोआप चालणारी क्रिया आहे. तिच्यावर नजर टाकली की माणूस नकळत तिच्यात हात घालतो, तिला लांबवतो, आखडतो. नजर टाकणे आणि हात घालणे यांतला भेद फार थोड्यांना साधतो.

नेमका हाच भेद ध्यानमार्गाचा गाभा आहे. आचार्य श्री महाप्रज्ञ यांनी १९७५ मध्ये जयपूर येथे आपल्या ध्यानपद्धतीला 'प्रेक्षाध्यान' हे नाव दिले. प्रेक्षा म्हणजे बारकाईने पाहणे. त्यात श्वासप्रेक्षा आहे, शरीरप्रेक्षा आहे, आणि साधकासाठी सांगितलेल्या सूत्रांत 'भावक्रिया' आहे. जी क्रिया चालू आहे तिच्यातच मन ठेवणे, वर्तमानात राहणे आणि जाणीवपूर्वक करणे, हा तिचा अर्थ. चालताना केवळ चालावे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस केवळ सहज येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचे निरीक्षण करवून घेतात. तेथेही श्वास बदलायचा नसतो.

म्हणून धावणाऱ्याने हे नीट ठरवावे की, त्याला काय हवे आहे. स्पर्धेतले दोन मिनिट कमी करायचे असतील तर श्वासाचे अवधान ही त्याची गुरुकिल्ली नव्हे. प्रकृती सांभाळत, जागृत राहून धावायचे असेल तर मात्र याहून चांगला सोबती नाही. आसनावर बसून श्वास पाहताना तो इतका सूक्ष्म होतो की, नवशिक्याचे मन त्यावरून घसरते. धावताना तो स्थूल असतो, ऐकू येतो, छातीत-पोटात जाणवतो. चंचल मनाच्या गृहस्थासाठी हा आरंभ सोपा आहे.

आचरणाचा क्रम

आता प्रत्यक्ष पद्धती. एक मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, हे माप सामायिकामुळे सर्वांच्या अंगवळणी पडलेले आहे. तेच येथे घ्यावे.

१. पहिली दहा मिनिटे चालावे. तोंड मिटलेले, खांदे सैल. श्वास कोठे जाणवतो, नाकपुडीत, छातीत की पोटात, एवढेच पाहावे. नाकातून घेतलेली हवा गाळली जाते, उबदार व ओलसर होते, म्हणून जमेल तोवर नाकानेच श्वास घ्यावा.

२. नंतर हळू धावण्यास आरंभ करावा. प्रथम काही पावले मोजावीत. तीन पावले श्वास आत, तीन पावले बाहेर, असे सहज होत असेल तर वेग योग्य आहे. मिनिटाला १६० पावले पडत असतील तर या प्रमाणात सत्तावीसच्या आसपास श्वास होतात. दोन-दोन पावलांवर आले तर मिनिटाला चाळीस होतात. नवशिक्यासाठी ती सूचना समजावी. ही मोजणी वेग ओळखण्यापुरती आहे. ओळख पटली की मोजणी सोडून द्यावी.

३. अधूनमधून एखादे पूर्ण वाक्य मोठ्याने बोलून पाहावे. मध्ये न तुटता बोलता आले तर ठीक. तुटले तर वेग कमी करावा. तोंड उघडावेसे वाटले तर बळेच मिटून ठेवू नये, वेग उतरवावा. धावताना श्वास रोखण्याचा, कुंभकाचा प्रयोग कोणीही करू नये.

४. मन पेढीवर गेले, घरच्या कार्यात गेले, तर स्वतःवर रागावू नये. पुढचा बाहेर जाणारा श्वास पकडावा. मन शंभर वेळा गेले तर शंभर वेळा परत आणावे. परत आणणे हाच अभ्यास आहे.

५. दृष्टी पुढे काही पावलांवरील जमिनीवर ठेवावी. दृष्टी सुटली किंवा श्वास सुटला, या दोहोंपैकी एक जरी झाले, तरी त्या क्षणी धावणे सोडून चालू लागावे. यात कमीपणा नाही. सर्व पद्धतीचा हा मुख्य नियम आहे.

६. शेवटची दहा मिनिटे पुन्हा चालावे. घरी आल्यावर बूट काढून, हातपाय धुऊन इरियावहियं करावे आणि पंचवीस श्वासांचा कायोत्सर्ग करावा. आरंभीचे श्वास भरभर जातील, हळूहळू त्यांच्यामधले अंतर वाढत जाईल. उसळलेला श्वास कोणी न सांगता शांत होताना पाहणे, हा या मुहूर्तातील सर्वांत मोलाचा भाग आहे. हृदयाची गती उतरवण्याच्या दृष्टीनेही एकदम आडवे होण्यापेक्षा हे हितकर आहे.

व्रत-नियम पाळणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

सर्वसाधारण पुस्तकांत न आढळणारी एक गोष्ट या सभेत सांगणे अगत्याचे आहे. चौविहार करणाऱ्याने सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेतलेला नसतो. हिवाळ्यात महाराष्ट्रात सूर्यास्त ते सूर्योदय हा काळ सुमारे तेरा तासांचा होतो, आणि नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे मिळवली तर जवळजवळ चौदा तास. उन्हाळ्यात हा काळ बाराच्या आसपास येतो, पण उकाडा व घाम वाढलेला असतो. अशा स्थितीत सकाळी उठून कोरड्या देहाने पाच-सात किलोमीटर धावणे धोक्याचे ठरू शकते. शरीरातील पाणी कमी झाले की तेवढ्याच वेगासाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात, चक्कर येते, स्नायूंत गोळे येतात.

तोडगा कठीण नाही. नवकारशीपूर्वीच्या मुहूर्तात फक्त चालावे. धावायचे असेल तर नवकारशी पारून, पाणी पिऊन, अर्ध्या-पाऊण तासाने धावावे. किंवा सुट्टीच्या दिवशी सायंकाळी असे धावावे की, सूर्यास्तापूर्वी पाणी पिण्यास पुरेसा अवधी राहील. उपवास, आयंबिल, वर्षीतप चालू असताना धावू नये. तपाच्या दिवशी तप हाच पुरेसा पुरुषार्थ आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी धावल्यास साखर एकदम उतरू शकते, म्हणून त्यांनी आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे.

चाळिशीनंतर प्रथमच धावू लागणाऱ्याने, विशेषतः घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर, तपासणी करूनच आरंभ करावा. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थांबल्यावरही न उतरणारी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही जाणवले तर 'श्वासाकडे पाहत राहू' असे म्हणू नये. तत्काळ थांबावे आणि रुग्णालयात जावे. दम्याच्या रुग्णांनी आपले औषध जवळ ठेवावे. थंडीत मोठ्या शहरांत सकाळी धुरके साचते. अशा दिवशी रहदारीच्या रस्त्याकाठी दीर्घ श्वास घेत धावण्याने लाभापेक्षा हानीच पदरी पडेल.

आकड्यांचा परिग्रह

शेवटचा मुद्दा मनाचा आहे. व्यापारी माणसाला आकड्यांची ओढ असते. किलोमीटर, मिनिटे, पदके, छायाचित्रे. गेल्या आठवड्यात तीस, या आठवड्यात पस्तीस. मित्राचे चाळीस झाले म्हणून मन खट्टू. प्रकृतीसाठी आरंभलेली गोष्ट अशा रीतीने मान आणि लोभ या कषायांचे नवे दुकान होते. धन-धान्याच्या परिग्रहाची मर्यादा बांधणाऱ्या श्रावकाने हा परिग्रहही ओळखला पाहिजे.

गती आणि साधना यांचा मेळ इतर परंपरांनीही घातला आहे. जपानमध्ये क्योतोजवळच्या हिएई पर्वतावर तेंदाई पंथाचे मोजके भिक्षू सात वर्षांत मिळून एक हजार दिवस डोंगरवाटांची परिक्रमा करतात. आरंभीच्या वर्षांत रोज सुमारे तीस किलोमीटर, पुढे त्याहून कितीतरी अधिक. वाटेत शेकडो स्थानी थांबून ते वंदन करतात. पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमात वाढलेल्या श्री चिन्मय यांनी न्यूयॉर्कमध्ये १९९७ पासून ३१०० मैलांची धाव सुरू केली. ती एका शाळेभोवतालच्या पाऊण-एक किलोमीटरच्या चौकोनाला पाच हजारांहून अधिक फेऱ्या मारून बावन्न दिवसांत पूर्ण करायची असते. रस्ता तोच, वळण तेच. बाहेर पाहण्यासारखे काही उरत नाही, म्हणून दृष्टी आत वळते. या गोष्टी सामान्य गृहस्थाने अनुकरण करण्याच्या नाहीत. त्यांतून एवढेच घ्यावे की, अंतर कितीही मोठे असले तरी ते एका वेळी एका पावलाने आणि एका श्वासानेच ओलांडावे लागते.

आठवड्यातून एक दिवस घड्याळ आणि मोबाईल घरी ठेवून धावावे. किती झाले हे कोणाला सांगता येणार नाही, आणि म्हणूनच तो दिवस खरा साधनेचा. त्या दिवशी आकडा एकच राहील, शेवटच्या कायोत्सर्गातला, पंचवीस.

समारोप

बंधू-भगिनींनो, परंपरेने साधूला धावण्यास मनाई केली, कारण धावताना जागृती सुटते. गृहस्थाने हे विसरून धावू नये आणि हे आठवून धावणे सोडूही नये. जागृती सुटणार नाही इतकेच धावावे. श्वास हा त्याचा प्रामाणिक मुनीम आहे. तो रक्कम फुगवून सांगत नाही आणि लपवूनही ठेवत नाही. त्याचे ऐकले तर गुडघे टिकतील, हृदय सांभाळले जाईल, आणि कदाचित सामायिकाच्या आसनावर बसल्यावर तोच श्वास ओळखीचा वाटेल. ज्यांना वय किंवा प्रकृतीमुळे धावता येत नाही, त्यांनी देरासरापर्यंतच्या रोजच्या वाटेवर हा प्रयोग करावा. चार हात भूमी, सहज श्वास आणि मनात नवकार. त्यासाठी बुटांचीही गरज नाही.

सर्वांना निरामय दीर्घायुष्य लाभो, ही मंगल कामना. जय जिनेंद्र!